घरच्या माराचे व्रण: बालपणीचे आघात ओळखणे आणि त्यांतून सावरणे

आमच्या घरी माराला मार म्हणत नसत. वडिलांनी कमरेचा पट्टा काढला की तो ‘धाक’ असे, रात्री दाराबाहेर उभे केले की ती ‘शिस्त’ असे, आणि माझ्या आठ वर्षांच्या बहिणीला पाहुण्यांसमोर उभे करून तिच्या रंगावरून व दातांवरून जे बोलले जाई ती ‘थट्टा’ असे. नातेवाइकांजवळ या सगळ्यासाठी एक ठरलेले वाक्य होते: ‘तापट आहेत, पण मनाने चांगले आहेत.’ वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षापर्यंत मीही तेच वाक्य लोकांना सांगत होतो. ज्या दिवशी एका समुपदेशक बाईंनी मला साध्या शब्दांत विचारले, ‘तुम्हांला घरी मारहाण होत होती का?’, त्या दिवशी ‘हो’ म्हणायला मला जवळजवळ पाऊण तास लागला, आणि तो पाऊण तास त्या शांत बसून राहिल्या.

हे मार्गदर्शन अशा प्रौढ माणसांसाठी आहे ज्यांचे बालपण मारहाणीत, अपमानात, दुर्लक्षात, घरातल्या दारूच्या सावटाखाली किंवा लैंगिक अत्याचारात गेले आणि जी आज वरवर पाहता नोकरी, संसार नीट सांभाळत आहेत. उपचारांची जागा हे लिखाण घेऊ शकत नाही. मात्र उपचारांपर्यंत पोहोचण्याआधी, आणि पुढे दोन भेटींच्या मधल्या दिवसांत, माणसाने घरी स्वतः काय करावे हे सांगणारे काही मला त्या काळात हवे होते, म्हणून ते लिहितो आहे.

आधी शब्द बदला

एक कोरा कागद घ्या आणि मधोमध रेघ मारा. डावीकडे तुमच्या घरात वापरला जाणारा शब्द लिहा. उजवीकडे प्रत्यक्षात काय घडत होते ते लिहा: कोणी, कशाने, कुठे, आणि तेव्हा तुमचे वय काय होते. माझ्या कागदावर डावीकडे ‘चांगलाच प्रसाद मिळाला’ असे होते आणि उजवीकडे ‘वडिलांनी लाकडी पट्टीने मांड्यांवर मारले, मी सातवीत होतो, दुसऱ्या दिवशी वर्गात बाकावर बसता येत नव्हते’ असे. डावीकडे ‘अबोला’ होता आणि उजवीकडे ‘आई नऊ दिवस माझ्याशी एक शब्दही बोलली नाही, मी सहा वर्षांचा होतो’. उजव्या बाजूला विशेषणे लिहू नका आणि कारणेही लिहू नका. ‘त्यांच्यावर कामाचा ताण होता’ हे खरे असेलही, पण त्याची जागा या कागदावर नाही. हा कागद एका बैठकीत पुरा करण्याची घाई करू नका; दोन-तीन ओळींनंतर हात थांबला तर तिथेच थांबावे.

केवळ मारहाणीलाच आघात समजणे चूक आहे. आईला मार खाताना रोज पाहणे, ‘तू जन्मालाच आली नसतीस तर बरे झाले असते’ हे पुनःपुन्हा ऐकणे, आजारपणात कोणी जवळ न येणे, आई-वडिलांच्या भांडणात निरोप्या किंवा पंच बनवले जाणे, दारू प्यायलेल्या माणसाची वांती साफ करून सकाळी शाळेत जाणे, हे सारे मुलाच्या ताकदीपलीकडचे असते. लैंगिक अत्याचाराविषयी एक गोष्ट स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे, कारण पुष्कळ जण तिच्या शरमेने आयुष्यभर गप्प राहतात. स्पर्शाला शरीराने प्रतिसाद दिला असेल, खाऊ स्वीकारला असेल, ओरडला नसाल किंवा पुन्हा त्याच नातेवाइकाकडे गेला असाल, तरीही त्यात तुमची संमती नव्हती, कारण मूल संमती देऊच शकत नाही. हा भाग मात्र त्या कागदावर एकट्याने लिहू नका. तो प्रशिक्षित माणसासमोर उघडावा.

‘त्या काळी सगळ्यांच्याच घरी मारत’ हे उत्तर तुम्हांला कोणीतरी देईलच. ते वस्तुस्थितीला धरून आहे. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलून केलेला अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दर तिघांपैकी दोन मुलांनी शारीरिक मार सोसल्याचे आढळले, आणि ज्यांना घरात मार बसला त्यांतल्या ८८.६ टक्के मुलांना तो आई किंवा वडिलांकडून बसला होता. पण गोवर एके काळी घरोघरी येत असे म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाही. ‘छडी लागे छमछम’ म्हणणाऱ्या याच समाजाने २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेतली छडी बेकायदा ठरवली, आणि २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या कलम ७५ नुसार मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याने त्या मुलाशी क्रूरपणे वागणे हा गुन्हा आहे.

वळण कुठे संपते आणि अत्याचार कुठे सुरू होतो, असा प्रश्न मला लोक विचारतात. माझी कसोटी अशी आहे की, आपली चूक काय आणि तिची शिक्षा किती, हे त्या मुलाला आधी ठाऊक होते का, की त्याला फक्त मारणाऱ्याच्या मनःस्थितीचा अंदाज घ्यावा लागत होता? ज्या घरात मूल स्वतःच्या वागण्यापेक्षा मोठ्या माणसाच्या चेहऱ्याकडे अधिक लक्ष देते, तिथे वळण लागत नाही, तिथे केवळ पहारा शिकला जातो.

शरीराने काय शिकून ठेवले आहे

आमच्या वडिलांची स्कूटर फाटकाशी येऊन बंद होई आणि मग स्टँडचा लोखंडी आवाज येई. तो एका झटक्यात आला तर संध्याकाळ बरी जाणार. रेंगाळत दोनदा आला तर ते पिऊन आले आहेत. त्या आवाजासरशी आई आधीच पुसलेला ओटा पुन्हा पुसू लागे, बहीण मिळेल ते पुस्तक उघडून बसे, आणि मी टीव्ही बंद करून त्याच्या पाठीवर हात ठेवून तो गरम तर लागत नाही ना, हे बघे. हे सगळे ते जिना चढेपर्यंतच्या अर्ध्या मिनिटात होई. आज माझ्या घरी जिना नाही, स्कूटर नाही, वडीलही नाहीत. तरीही कार्यालयात साहेबांच्या केबिनचे दार जोरात लागले की माझे पोट आवळते आणि न केलेल्या चुकीची सफाई मनात तयार होऊ लागते.

यामागची यंत्रणा समजून घेतली की स्वतःवरचा राग बराच कमी होतो. मेंदूतला अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग धोका हेरतो आणि विचार करायला वेळ न देता शरीराला सावध करतो. ॲड्रिनॅलिन व कॉर्टिसोल ही ताणाची संप्रेरके रक्तात उतरतात, छाती धडधडते, स्नायू ताठ होतात. प्रसंगापुरते हे उपकारक आहे. पण वाढत्या वयाच्या मुलाला ही अवस्था रोज संध्याकाळी गाठत असेल, तर मेंदू ती कायमची सवय म्हणून ठेवून घेतो आणि धोका गेल्यावरही पहारा उठत नाही. मग कोणी प्रत्येक वादात अंगावर जातो, कोणी नाते जवळचे होऊ लागले की पळ काढतो, कोणी प्रश्न विचारताच गोठून जातो, तर कोणी समोरच्याने तोंड उघडण्याआधीच त्याची मनधरणी सुरू करतो. झोप न लागणे, कौतुक झाले की घाबरणे, सुट्टीच्या दिवशी कारण नसताना अस्वस्थ वाटणे, स्वतःच्या लग्नात किंवा मुलाच्या जन्माच्या वेळीही आतून काहीच न वाटणे, ही त्याच पहाऱ्याची रूपे असू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे जानेवारी २०२२ पासून लागू झाले, दीर्घकाळ चाललेल्या आघातांनंतरच्या जटिल तणाव-विकाराला स्वतंत्र स्थान दिलेले आहे.

अमेरिकेत सॅन दिएगो येथे व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा या डॉक्टरांनी १९९५ ते १९९७ या काळात १७,००० हून अधिक प्रौढांना त्यांच्या बालपणाविषयी विचारले. १९९८ मध्ये आलेल्या त्यांच्या पहिल्या शोधनिबंधात, चार किंवा अधिक प्रकारचे आघात सोसलेल्यांमध्ये दारूचे व अमली पदार्थांचे व्यसन, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका, असे काहीच न सोसलेल्यांच्या तुलनेत ४ ते १२ पट आढळला. हे आकडे मोठ्या समूहाचे आहेत. त्यांच्या प्रश्नावलीत स्वतःचे गुण मोजून ते भविष्य म्हणून वाचू नका. कोणत्याही एका माणसाचे पुढे काय होईल, हे त्या बेरजेतून कळत नाही.

या भागातले करण्याचे काम एकच आहे. ज्या सवयीसाठी तुम्ही स्वतःला ‘भित्रा’, ‘आळशी’ किंवा ‘खोटारडी’ म्हणता, तिच्याबद्दल विचारा: ही सवय त्या घरात माझ्या कोणत्या उपयोगाची होती? टीव्हीवर हात ठेवून बघणारा मुलगा लबाड नव्हता, तो मार वाचवत होता.

आज धोका असेल तर बाकीचे सारे नंतर

अत्याचार अजून चालू असेल, तर भूतकाळावरचे काम बाजूला ठेवा आणि आधी सुरक्षित व्हा. आधार कार्ड, गुणपत्रिका, जन्मदाखला, पासबुक यांच्या प्रती विश्वासू व्यक्तीकडे ठेवा आणि फक्त स्वतःच्या नावाचे बँक खाते उघडा. तातडीच्या वेळी ११२, महिलांसाठी १८१ आणि अठरा वर्षांखालील मुलांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांना संरक्षण देणारा २००५ चा कायदा केवळ सुनांसाठी आहे असा मोठा गैरसमज आहे. त्याच घरात राहणारी मुलगी, बहीण किंवा आईसुद्धा त्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जाऊ शकते. ज्याने तुमच्यावर लैंगिक अत्याचार केला त्याच्या सहवासात आज दुसरे मूल असेल, तर ही गोष्ट झाकून ठेवू नका. मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पोक्सो कायद्याने अशा गुन्ह्याची माहिती असणाऱ्याने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक केलेले आहे, आणि पीडित व्यक्तीने मोठेपणी तक्रार करण्यास त्या कायद्यात मुदत घातलेली नाही.

जीव नकोसा वाटत असेल तर पुढे वाचू नका. टेली मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते. फोन करणे जमत नसेल तर जवळच्या माणसाला ‘मला एकटे ठेवू नका’ एवढेच सांगा आणि त्याच्यासोबत रुग्णालयात जा.

शरीराला आजच्या तारखेत आणणे

जुनी भीती उसळते तेव्हा शरीराच्या लेखी वर्ष १९८९ असते. अशा वेळी त्याला समजावणे व्यर्थ आहे, त्याला पुरावा द्यावा लागतो. दोन्ही पावले फरशीवर टेकवा आणि तिचा गारवा जाणवेपर्यंत थांबा. आजूबाजूच्या पाच वस्तूंची नावे मोठ्याने घ्या. थंड पाण्याने भरलेला स्टीलचा तांब्या दोन्ही हातांत धरा. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावा. चार मोजत घ्या, सहा किंवा आठ मोजत सोडा. मग आजची तारीख, आपले वय आणि आपण कुठे आहोत हे उच्चारा. मी किल्ली मुठीत धरून म्हणतो, ‘मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे, हे माझे घर आहे, या दाराची किल्ली माझ्याकडे आहे.’ पहिल्या काही वेळा हे कृत्रिम वाटते. म्हणूनच ते शांत दिवशी, रोज सकाळी चहाच्या आधी करून ठेवावे, म्हणजे वादळाच्या वेळी शरीराला वाट ठाऊक असते. काहींना डोळे मिटून ध्यानाला बसले की उलट जास्त भीती वाटते. तुमचे तसे होत असेल तर डोळे उघडे ठेवा, किंवा ध्यान सोडून अर्धा तास झपझप चाला. त्यात काही कमी पडत नाही.

आठवणी, कागद आणि एक माणूस

आघाताच्या आठवणी सलग गोष्टीसारख्या येत नाहीत. एखादा वास, चादरीचा रंग, पायऱ्यांची संख्या असे तुकडे येतात आणि मधले बरेच काही रिकामे असते. ते रिकामे भरून काढण्याचा अट्टहास करू नका, आणि संमोहनाने ‘विसरलेले सारे बाहेर काढून देतो’ म्हणणाऱ्यांपासून दूर राहा, कारण अशा प्रयोगांत न घडलेल्या आठवणीही तयार होऊ शकतात. सावरण्यासाठी सारे आठवावे लागत नाही. आघातांवरील उपचारांत, ज्युडिथ हर्मन या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी १९९२ मध्ये मांडल्याप्रमाणे, आधी सुरक्षितता, मग आठवणे व शोक करणे, आणि शेवटी माणसांत परतणे असा क्रम मानला जातो. माझा अनुभव असा की हे टप्पे जिन्याच्या पायऱ्यांसारखे येत नाहीत. तिसऱ्यावरून पहिल्यावर पुष्कळदा यावे लागते.

आयुष्य थोडे स्थिर असेल तर लिहून पाहा. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील या अमेरिकी संशोधकांनी १९८६ मध्ये विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज १५ मिनिटे, आपल्या आयुष्यातल्या सर्वांत क्लेशकारक अनुभवाविषयी लिहायला सांगितले होते. ज्यांनी घटना आणि त्यामागच्या भावना दोन्ही लिहिल्या, त्यांना लिहिल्यावर लगेच अधिक उदास वाटले, पण पुढच्या सहा महिन्यांत ते आजारपणासाठी दवाखान्यात कमी वेळा गेले. तेव्हा लिहून झाल्यावर मन जड होईल हे धरून चाला, रात्री झोपण्यापूर्वी लिहू नका, आणि वही कुलपात ठेवा किंवा पाने फाडून टाका.

मग एक माणूस शोधा. हवाई बेटांपैकी काउआई येथे १९५५ मध्ये जन्मलेल्या मुलांचा एमी वर्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी कित्येक दशके पाठपुरावा केला. अत्यंत कठीण परिस्थितीत वाढलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले कर्तबगार व मायाळू प्रौढ झाली, आणि त्यांच्या आयुष्यात आई-वडिलांखेरीज का होईना, भरवशाचे एखादे तरी मोठे माणूस होते. आमच्यासाठी ते माणूस म्हणजे शेजारच्या काकू होत्या. त्या काही विचारत नसत. फक्त आवाज वाढले की ‘जरा कणीक मळायला ये गं’ अशी बहिणीला हाक मारत आणि मला दुधाच्या पिशव्या आणायला पाठवत. अशा माणसाची आठवण काढणे हाही सावरण्याचा भाग आहे. आज तुम्ही ज्याला सांगणार आहात त्याला आधीच सांगून ठेवा: ‘मला सल्ला नको आहे, तुम्ही फक्त ऐका.’

मदत कोणाकडे मागावी

मानसोपचारतज्ज्ञ हे वैद्यकीय डॉक्टर असतात आणि ते औषधे देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे औषधे न देता बोलण्यातून उपचार करणारे मानसशास्त्रज्ञ, यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. ‘समुपदेशक’ अशी पाटी लावणाऱ्या प्रत्येकाचे प्रशिक्षण पुरेसे असेलच असे नाही. म्हणून पहिल्याच भेटीत विचारा की बालपणीच्या आघातांवर त्यांनी काम केले आहे का, कोणत्या पद्धतीने करतात, आणि सांगता सांगता मला असह्य झाले तर ते काय करतील. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये आघातोत्तर तणावासाठी आघातकेंद्री बोधात्मक वर्तन-उपचार (आघातातून रुजलेले विचार व सवयी बोलून बदलण्याची पद्धत) आणि डोळ्यांच्या हालचालींवर आधारलेला ईएमडीआर या दोन पद्धतींची शिफारस केली. दुसऱ्या पद्धतीत प्रसंग तपशीलवार सांगावा लागत नाही, हे अनेकांना सोयीचे वाटते. जे तज्ज्ञ पहिल्या भेटीतच ‘आई-वडील देवासमान असतात, क्षमा करून टाका’ असे सांगतील, त्यांच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका. तुमचे बोलणे गुप्त राहण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दिलेला आहे.

खर्च परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग पाहा; येरवडा, ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. ठाण्यात १९९० पासून मानसिक आरोग्याचे काम करणारी आयपीएच ही संस्था आहे. घरात दारू असेल तर पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात रुग्णाबरोबर त्याच्या कुटुंबीयांसाठीही काम चालते. परदेशी राहणाऱ्या मराठी माणसांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की, शक्य असेल तर ऑनलाइन का होईना, मराठी जाणणारा उपचारक शोधावा. ज्या शब्दांनी जखम झाली ते ‘कार्टा’, ‘अवदसा’ असे शब्द इंग्रजीत सांगितले की त्यांची धार हरवते, आणि आपण स्वतःचीच गोष्ट दुसऱ्या कोणाची तरी असावी तशी सांगू लागतो.

आईवरचा राग, भावंडांची वेगळी घरे

मारणाऱ्यावरचा राग आधी येतो. जिने मारले नाही, पण दार लोटून घेतले, तिच्यावरचा राग फार उशिरा येतो आणि तो जास्त जाळतो. आई स्वतः मार खात होती, तिला माहेरी परतण्याची सोय नव्हती, तिच्या हाती पैसा नव्हता, हे सारे समजते. आणि तरीही, सकाळी वळ झाकायला पूर्ण बाह्यांचा सदरा काढून देणारा तिचा हात आठवला की घशाशी काहीतरी येते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. तिची असहायता समजून घेण्यासाठी स्वतःचा राग खोटा ठरवण्याची गरज नाही, आणि राग मान्य केल्याने तुम्ही कृतघ्नही होत नाही. मी आईशी याबद्दल एकदाच बोललो. ती बराच वेळ लसूण सोलत राहिली आणि म्हणाली, ‘मला वाटायचं, तुला आठवत नसेल.’ माफी तिने मागितली नाही. पण माझ्या आठवणीला तिने खोटे ठरवले नाही, आणि तेवढे मला पुरले.

तुम्हांला एवढेही मिळेल असे गृहीत धरू नका. आई-वडिलांशी बोलण्यापूर्वी आपल्याला नेमके काय हवे आहे ते लिहून काढा, आणि ‘असे काही झालेच नाही’ हे उत्तर आले तर आपण त्याच संध्याकाळी कुठे जाणार, हेही ठरवून ठेवा. भावंडांच्या बाबतीत तर प्रत्येकाचे घर वेगळे असते. थोरल्याला मार बसला असेल आणि शेंडेफळाने केवळ म्हातारे, निवळलेले वडील पाहिले असतील. त्याला ‘तू अंध आहेस’ म्हणून पटवण्यात वर्षे घालवू नका. ‘तुझा अनुभव वेगळा होता, माझा असा होता’ येथपर्यंत यावे आणि थांबावे.

किती जवळ, किती लांब

क्षमा, संपर्क आणि जबाबदारी या तीन स्वतंत्र बाबी आहेत, आणि आपल्याकडे त्या मुद्दाम एकाच गाठोड्यात बांधल्या जातात. क्षमा न करता फोनवर बोलता येते. मनातून सोडून दिल्यावरही न भेटता राहता येते. ‘आता म्हातारे झाले आहेत’ हा युक्तिवाद त्यांच्याशी सौम्य भाषेत बोलण्यासाठी पुरेसा आहे, पण तुमच्या मुलांना एकटे त्यांच्याकडे ठेवण्यासाठी पुरेसा नाही.

मर्यादा ठरवताना ती समोरच्याने काय करू नये अशी न ठरवता, आपण काय करणार अशी ठरवावी, कारण हाती तेवढेच असते. गणपतीला आठ दिवसांऐवजी दोन दिवस जावे, मुक्काम लॉजवर किंवा मित्राकडे करावा, बाटली निघण्याआधी उठावे. फोन रविवारी सकाळी, दहा मिनिटे. अपमान सुरू झाला की एक पाठ केलेले वाक्य म्हणावे: ‘या विषयावर मी बोलणार नाही, मी नंतर फोन करतो’, आणि खरोखर फोन ठेवावा. पहिल्या वेळी तुमचे हात कापतील आणि चार नातेवाइकांचे फोन येतील. त्यांना लांबलचक खुलासा देऊ नका. खुलासा दिला की त्यावर वाद घालता येतो.

मारणारे वडील अंथरुणाला खिळतात तेव्हाचा पेच सर्वांत अवघड. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार मुलांवर आई-वडिलांच्या चरितार्थाची जबाबदारी आहे, आणि चरितार्थात अन्न, वस्त्र, निवारा व औषधोपचार येतात. ते पुरवणे आणि ज्या हाताने मारले तो हात स्वतःच्या हातांनी धुणे, यांत फार अंतर आहे. ब्युरोकडून माणूस ठेवणे, खर्च भावंडांत वाटून घेणे, डॉक्टरांशी बोलण्याचे काम आपल्याकडे ठेवून अंगाला हात लावण्याचे काम दुसऱ्यावर सोपवणे, हे सर्व करता येते. मी वडिलांच्या औषधांचा हिशेब अडीच वर्षे चोख ठेवला. त्यांचे पाय मात्र चेपले नाहीत. याची खंत मला वाटत नाही.

आपली मुले

‘मीही माझ्या बापासारखा होईन का?’ हा प्रश्न मनात असलेले कित्येक जण मूलच होऊ देत नाहीत. येल विद्यापीठातील जोन कॉफमन आणि एडवर्ड झिग्लर यांनी १९८७ मध्ये तोवरच्या संशोधनाचा आढावा घेऊन, अत्याचार सोसलेल्यांपैकी सुमारे ३० टक्के पालक तो पुढे चालवतात असा अंदाज मांडला. म्हणजे बहुसंख्य चालवत नाहीत. तरीही हात उगारला जाण्याचा क्षण येतोच, आणि त्या क्षणासाठी तयारी हवी. मुलापासून दूर, दुसऱ्या खोलीत जा. मुलाला सांगून जा, म्हणजे ते टाकले गेल्याच्या भावनेत राहणार नाही. ओरडलात किंवा मारलेत, तर त्याच दिवशी, त्याच्या उंचीला बसून, ‘मी मारले, ते चुकले, त्यात तुझी चूक नव्हती’ असे म्हणा. त्या वाक्याला ‘पण’ जोडू नका. असे म्हणणारे मोठे माणूस आम्ही कधी पाहिले नव्हते, म्हणून सुरुवातीला जीभ अडखळते.

ते गेल्यानंतर

मृत्यूने हिशेब मिटेल असे वाटत असते, आणि तसे होत नाही. दुःख, सुटका, सुटका वाटल्याची शरम आणि ‘कधीतरी ते कबूल करतील’ या आशेचा शेवट, असे सगळे एकदम येते. अग्नी द्यायचा की नाही, दिवस कोणी करायचे, हे आयत्या वेळी स्मशानात ठरवू नका. भावंडांशी आधी बोलून ठेवा, आणि तुम्हांला जमणार नसेल तर ते काम दुसऱ्या कोणाकडे सोपवा. त्या पंधरवड्यात उपचारकाची एक भेट ठरवून घ्या. तेराव्याला लोक गेलेल्याचे गुणच सांगणार, तेव्हा तिथे आपल्या बाजूचे एक तरी माणूस असेल अशी व्यवस्था करा.

आमच्याकडे तेराव्याच्या पंगतीत एक आप्त मोठ्याने म्हणाले, ‘फार शिस्तीचे होते हो, म्हणून तर मुलं मार्गाला लागली.’ बहिणीने वाढता वाढता हातातले पातेले खाली ठेवले. तिने माझ्याकडे पाहिले आणि आम्ही दोघे काही न बोलता मागच्या दारी पायरीवर जाऊन बसलो. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, ‘मारायचे ते आपल्याला.’ मी म्हणालो, ‘हो, मारायचे.’